उन्हातली खुर्ची

तरणतलावावर तिला सगळे शिट्टीताई म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. तलाव उघड्यावरचा, वर छप्पर नाही. खोल पाण्याच्या काठाला एक उंच लोखंडी खुर्ची पक्की केलेली होती आणि तिच्यावर गळ्यात शिट्टी अडकवून ती बसलेली असायची. लग्नाच्या आधीपासून ती तिथे जीवरक्षक होती. नेहमीचे पोहणारे म्हणायचे, "ताई झोपेतसुद्धा एक डोळा पाण्यावर ठेवत असतील."

तिच्या नवऱ्याला हे ठाऊक होतं की ती झोपेतही अंग आखडून असते. तो घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून दिवसभर बारीक चाकं बघायची सवय असल्यामुळे असेल, पण बायकोच्या गालांवरची लाली आधी त्याच्या लक्षात आली.

"दोन्ही गालांवर सारखीच आहे," तो एकदा जेवताना म्हणाला. "आणि नाकावरून जोडलेली. हे नुसतं उन्हाने झालेलं नाही."

"क्लोरीनचं असेल," ती म्हणाली.

सकाळी बोटांचे सांधे धरायचे, बाटलीचं झाकण फडक्याने धरूनही उघडायचं नाही, हे तिने सांगितलं नाही. पुष्कळ बायका दुखणं अंगावर काढतात, तशी तीही काढत होती. शेवटी एका दुपारी तोच दुकान बंद करून आला आणि तिला त्वचेच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

डॉक्टर बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं आणि रिपोर्ट आल्यावर पुन्हा बोलावलं.

"याला ल्युपस म्हणतात," त्या म्हणाल्या. "शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते. आज त्वचा आणि सांधे आहेत. सांभाळलं नाही तर मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतं. तुम्ही काम काय करता?"

"तरणतलावावर जीवरक्षक आहे."

"उघड्यावर?"

"हो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ऊन लागलं की हा आजार भडकतो. पहिलं सांगणं हेच, की काम बदला. नसेल जमत तर गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि सनस्क्रीन रोज लावायचं. ऊन असो, ढग असोत. चेहरा, मान, कान, हातांच्या पाठी. हात आखडता न घेता लावायचं आणि दर दोन तासांनी पुन्हा."

घरी येताना नवरा म्हणाला, "तलावावर सांगून टाक."

"सांगितलं तर खुर्ची जाईल. तिकीट फाडायला बसवतील."

"बसवू देत."

"तुम्हाला कुणी म्हटलं, उद्यापासून घड्याळाला हात लावायचा नाही, नुसतं दुकानात बसायचं, तर?"

दुसऱ्या दिवशी त्याने सनस्क्रीनच्या दोन नळ्या आणल्या. एक आरशापाशी ठेवली, दुसरी तिच्या पिशवीत टाकली.

काही दिवस बरे गेले. ती खुर्चीवर बसल्या बसल्या पिशवीतून नळी काढायची आणि नजर पाण्यावर ठेवूनच चेहऱ्याला लावायची. पांढरा थर लपत नव्हता. सकाळी पोहायला येणाऱ्या बायका हसायच्या. "ताई, या वयात कुणाला दाखवायचंय?" ती सांगायची, वांग आलेत गालावर. वांग म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही.

मग मॅनेजरने तिला ऑफिसात बोलावलं. माणूस वाईट नव्हता. तोही तिथे पोहायला शिकलेला आणि मग तिथेच नोकरीला लागलेला.

"ताई, पाण्यावर तेलकट तवंग येतोय अशी तक्रार आहे. आपण पाटी लावली आहे, तेल-क्रीम लावून पाण्यात उतरू नये. लोकांना तुम्हीच अडवता आणि स्वतः तोंड रंगवून बसता. लोक मला विचारतात. काय सांगू?"

आत्ताच सांगावं असं तिला वाटलं. शब्द ओठांपर्यंत आले. पण समोर भिंतीवर कामाच्या पाळ्यांचा तक्ता होता आणि खोल पाण्याच्या रकान्यात वर्षभर तिचंच नाव होतं.

"आजपासून नाही लावणार," ती म्हणाली.

घरून ती लावूनच निघायची. पण घामाने आणि टोपीच्या घासण्याने ते दोन तासांतच उतरायचं. त्यानंतर गाल चुरचुरायला लागायचे, बोटं सुजायची. मग तिने एक सोय काढली. ऊन चढलं की खुर्चीवरून उतरायचं आणि कपडे बदलायच्या खोल्यांपुढे जी पत्र्याची पडवी होती, तिथे सावलीत उभं राहायचं. तलाव तिथूनही दिसायचा. निदान दिसतो असं ती स्वतःला बजावायची. खुर्ची उंच असल्यामुळे तिच्यावरून थेट तळाच्या फरशा मोजता यायच्या. पडवीतून मात्र खोल टोकाचं पाणी म्हणजे नुसती तळपती चादर होती. हे तिला कळत होतं. रोज ती थोडा थोडा वेळ जास्त तिथे थांबत होती.

पाणबुडी काका त्या टोकाला पोहायचे. नोकरीतून निवृत्त झालेला सडसडीत माणूस. दम रोखून तळाशी बसण्याचा त्यांना नाद होता. आधी भराभर खोल श्वास घ्यायचे, मग नाक दाबून बुडी मारायचे. नवी माणसं घाबरायची, जुनी हसायची. शिट्टीताईने कितीदा तरी हटकलं होतं. काका म्हणायचे, "अहो ताई, हे केस काही उन्हाने पांढरे नाही झाले."

त्या दिवशी ऊन जाळत होतं. ताई पडवीत उभी होती, ओला रुमाल गालाला लावून. काका बुडी मारताना तिला दिसले. त्यानंतर नुसती पाण्याची तळपती चादर.

'आहेत, बसलेत दम धरून,' तिने मनाशी म्हटलं. उथळ पाण्यात एक बाई पाय मारायचा सराव करत होती, बाकी तलाव रिकामा होता. ताईने रुमाल दुसऱ्या गालाला लावला. काकांची निळी टोपी वर यायला हवी होती. ती आली नाही. येईल, एवढ्यात येईल. आली नाही.

ती उन्हात पळत काठापर्यंत गेली आणि वाकली तेव्हा तळ दिसला. काका कुशीवर होते. हात नाकाला नव्हता. तो पसरलेला होता, तळवा उघडा.

शिट्टी वाजवल्याचं तिला आठवत नाही. उथळ पाण्यातली बाई सांगते की वाजली होती. ताई तळाशी गेली, काखेत हात घालून त्यांना वर आणलं, त्या बाईच्या मदतीने काठावर ओढलं. ओठ निळे पडले होते. छाती हलत नव्हती. गळ्याशी बोटं लावली, तर ठोका होता, अगदी खोल, चालू की बंद सांगता येऊ नये असा. तिने मान मागे केली, नाक दाबलं आणि तोंडाने श्वास भरायला सुरुवात केली. फरशी तापलेली होती. तिचे गुडघे भाजत होते. एक श्वास, पुन्हा एक. मॅनेजर धावत आला आणि फोनवर रुग्णवाहिकेला पत्ता सांगू लागला. आणखी एक श्वास. काकांच्या तोंडून पाणी आलं, मग उलटी, मग एक खोकला. इतका वाईट खोकला कानाला इतका गोड कधी लागला नसेल.

हॉस्पिटलात सांगितलं की दम रोखल्यामुळे पाण्यातच शुद्ध हरपली होती. हातपाय न मारता माणूस बुडतो तो असा. आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर हसतमुखाने उभा होता. तलावाच्या समितीला शिट्टीताईचा सत्कार करायचा होता. फोटो काढून फलकावर लावायचा होता.

"साहेब, फोटो नको," ती म्हणाली. "मी खुर्चीवर नव्हते."

मॅनेजरने ऑफिसचं दार लावून घेतलं. "कोण म्हणालं?"

"कुणी नाही. मीच सांगतेय. पडवीत सावलीला उभी होते. काका मला दिसत नव्हते."

"काका वाचले. विषय संपला. ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची असते. ही उघडलीत तर तुमच्याबरोबर मीही जाईन. क्रीम मीच बंद करायला लावली होती."

"तुम्हाला कुठे माहीत होतं? मी वांग म्हणाले होते."

"मग काय आहे?"

तिने सांगितलं. आजाराचं नाव, गोळ्या, मूत्रपिंड, सगळं. मॅनेजर टेबलावरची काच बोटाने पुसत राहिला.

"हे आधी का नाही बोललात?"

"बोलले असते तर खुर्चीवर ठेवलं असतंत?"

"नसतं ठेवलं," तो म्हणाला.

संध्याकाळी ती काकांच्या घरी गेली. नवरा बरोबर येतो म्हणाला, तिने नको म्हटलं. दार काकूंनी उघडलं. ताईला पाहताच तिचे दोन्ही हात हातात घेऊन त्या रडल्या, आत नेऊन बसवलं. काका उशीला टेकून बसले होते, आवाज घोगरा झाला होता. तिथे, दोघांसमोर, तिने पुन्हा सगळं सांगितलं.

"अहो, मूर्खपणा माझा," काका म्हणाले. "तुम्ही कशाला…"

"तुम्ही गप्प बसा," काकू म्हणाल्या. मग ताईकडे वळल्या. "किती वेळ होते हे खाली?"

"नक्की नाही सांगता येणार. मला दिसत नव्हते."

काकू उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. त्या बाहेर आल्याच नाहीत. थोड्या वेळाने काका हळूच म्हणाले, "या आता ताई. तिला वेळ लागेल."

समितीने तिला कामावरून थांबवलं. कधीपर्यंत, ते कुणी सांगेना. त्यातच तपासणीत मूत्रपिंडालाही थोडी झळ पोचल्याचं निघालं. गोळ्या वाढल्या. पुढचा रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. नवरा दुकानात जायचा आणि तासाभरात काहीतरी विसरलं म्हणून परत यायचा. ती पडदे ओढून बसायची. डोळे मिटले की तिला तळावरचा तो उघडा तळवा दिसायचा.

रिपोर्ट बरा आला. पूर्ण चांगला नाही, पण आजार आटोक्यात होता. आणि मॅनेजरने, एव्हाना त्यालाही समज मिळाली होती, समितीपुढे जाऊन आपलाही वाटा सांगितला. वादावादी झाली. समितीतल्या दोघांनी तिला परत घ्यायला विरोध केला आणि त्यांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. अखेर ठरलं ते असं: खुर्चीवर जाड कापडाचं छत बसवायचं, ताईची पाळी पहाटेची ठेवायची, ऊन तापायच्या आत दुसऱ्याने खुर्ची घ्यायची, आणि तिला खुर्चीवर क्रीम लावायची मुभा द्यायची.

आता ती रोज उजाडायच्या आधी आरशापुढे बसते. पावसाळी हवा असली तरी. मानेला लावायचं काम नवऱ्याचं. घड्याळाला तेल देतात तशा नजाकतीने तो ते करतो आणि तिला उशीर होतो. तलावावर आता सगळ्यांना माहीत आहे. हसणाऱ्या बायकांपैकी एकीने तिच्याकडून नळीचं नाव विचारून घेतलं.

काका परत पोहायला लागले, पण बुडी बंद. काकू रोज त्यांच्याबरोबर येतात आणि खुर्चीजवळच्या बाकावर बसतात. ताईशी बोलत नाहीत. दोघी एकाच निळ्या टोपीकडे बघत असतात.

गेल्या आठवड्यात एका सकाळी काकूंनी पाण्यावरची नजर न हलवता म्हटलं, "डाव्या कानाला लावायचं राहिलंय."

शिट्टीताईने खिशातून नळी काढली आणि तिनेही पाण्यावरची नजर न हलवता कानाला लावलं.