हिरवीचे दोन

माझं एक आहे. दुपारी गरम जेवण पोटात गेलं नाही, की मी माणसांत बसायच्या लायकीचा राहत नाही. घरी हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्या वेळी कुणी माझ्या वाटेला जात नसे. पण पनवेलला शिकायला आल्यावर हे सांगायचं कुणाला? कॅन्टीनवाल्याला?

आमच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये सकाळी इडली मिळायची. दुपारी तीच इडली तळून मिळायची आणि उरलेली संध्याकाळी लाल सॉसमध्ये घोळवून चायनीज म्हणून यायची. गेटबाहेर वडापाव आणि चायनीज भेळ, पुढच्या चौकात फ्रँकी. मी रोडपालीला खोली घेऊन राहत होतो, तिथल्या खानावळीचा डबा भल्या सकाळी भरला जायचा. दुपारी तो उघडला की आमचा अख्खा बेंच उठून दुसरीकडे बसायला जाई. पहिल्या सत्रात मी दोन प्राध्यापकांशी आणि एका झेरॉक्सवाल्याशी भांडलो, ती सगळी भांडणं दुपारची.

माझ्या शेजारी बसायचा तो माझा मित्र, उरणकडचा कोळी. घरी रोज ताटात मासा, त्यामुळे कॅन्टीनमध्ये तो फक्त पाणी प्यायला जायचा. एके दिवशी माझा आवाज चढलेला बघून तो म्हणाला, "चल, तुला जेवायला घालतो. नायतर तू कुनालातरी चावशील."

त्याने मला कॉलेजमागच्या ट्रकतळावर नेलं. न्हावा शेवा बंदराचा नाहीतर लोखंड बाजाराचा माल मिळेपर्यंत ट्रक तिथे थांबून राहत. कडेला पत्र्याचा एक ढाबा होता. तंदूर पेटलेला, डाळीला लसणाची फोडणी बसत होती. त्या वासाने मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

ढाब्याचा मालक स्वतः जुना ड्रायव्हर, नगरकडचा. पूर्वी कॉलेजची पोरं एका चहावर दुपारभर खाटा अडवून बसायची, म्हणून त्याने नियम केला होता की ज्याची तळावर गाडी, त्यालाच जेवण. आम्ही खाटेवर टेकलो तसा तो आला.

"गाडी कुठली?"

खरं सांगून उठावं म्हणून मी तोंड उघडत होतो, तेवढ्यात मित्राने समोर बोट केलं. "ती काय. हिरवी."

हिरवी म्हणजे तळाच्या कोपऱ्यात उभा असलेला एक जुनाट ट्रक. मागची चाकं गायब, त्या जागी विटा रचलेल्या. बॉनेटमधून एरंडाचं झाड वर आलेलं. केबिनमध्ये मांजर व्यायली होती. मालकाने ट्रककडे पाहिलं, मग आमच्या पाठीवरच्या सॅककडे पाहिलं.

"कधीपासून उभी आहे?"

"लय दिस झालं," मित्र म्हणाला. "लोडच नाय."

मालकाने च्‌च्‌ केलं आणि आत ओरडला, "हिरवीचे दोन!"

ताटं आमची सगळ्यांच्या आधी आली. कारण मागाहून कळलं. तळावर जी गाडी जास्त दिवस उभी, तिला माल आधी, असा रिवाज होता. माल मिळाला की लगेच निघावं लागतं, म्हणून त्या गाडीच्या माणसांना जेवणही आधी. आता हिरवीपेक्षा जास्त दिवस उभी असलेली गाडी त्या तळावरच काय, अख्ख्या तालुक्यात नसावी. गुजरातहून रातोरात आलेले, डोळे तारवटलेले ड्रायव्हर हात धुऊन बसलेले असत आणि पहिली रोटी आम्हाला मिळे. कुणी चकार शब्द काढत नसे, कारण नंबर म्हणजे नंबर.

उलट त्यांना आमची कीव यायची. "इतने दिन से लोड नहीं?" असं विचारून ते आपल्या ताटातला कांदा आम्हाला देत. एका सरदारजीने तर ही गाडी सोडा आणि माझ्याकडे लागा, असंही सुचवलं. मित्र गंभीरपणे म्हणाला, "नाय जमनार. जुनी मालकीन हाय." कुणाच्याही डोळ्यांना ते एरंडाचं झाड कसं दिसत नाही, हे मला कळेना. पण रोज दुपारी गरम डाळ मिळत होती, माझी भांडणं थांबली होती, झेरॉक्सवाला माझ्याशी पुन्हा बोलायला लागला होता. झाडाचा विषय मी तरी कशाला काढू?

मग दसरा आला.

आदल्या दिवशी ढाब्यावर सगळी बोलणी झेंडूची. कुणाची गाडी धुऊन झाली, कुणाचा हार मोठा. एकाने आम्हाला सहज विचारलं, "तुमची पूजा किती वाजता?" तळावरच्या सगळ्या गाड्यांना हार आणि आमची तेवढी बोडकी, म्हणजे गाडी आमची नाही हे आपल्या तोंडाने सांगण्यासारखंच. तेवढं झालं की पुन्हा तळलेली इडली.

"सकाळीच," मित्र म्हणाला.

सुट्टीच्या दिवशी आम्ही बादल्या घेऊन हजर झालो. ट्रक धुतला. एरंडाला मित्राने हात लावू दिला नाही, उलट त्यालाही एक माळ घातली. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, पुढे लिंबू-मिरची बांधली, विटांनासुद्धा हळदकुंकू वाहिलं. चाकाखाली लिंबू ठेवून गाडी त्यावरून न्यायची असते. ते काही जमणार नव्हतं, म्हणून मित्राने ते पायाने चिरडलं आणि तोंडाने हॉर्न वाजवला. चार ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. नारळ फोडला, त्याचा तुकडा मांजरीपुढेही ठेवला, तिने तो हुंगला आणि पाठ फिरवली.

मग श्रीखंड-पुरीसाठी खाटेवर येऊन बसलो. तेवढ्यात एक म्हातारा तळावर आला. पांढरा सदरा, हातात झेंडूचा हार आणि नारळाची पिशवी. सरळ हिरवीपाशी गेला आणि थबकला. हाराला हात लावून पाहिला. स्वस्तिकावर बोट फिरवलं, ओलं कुंकू बोटाला लागलं. एरंडाची माळ तो बराच वेळ बघत राहिला. मग ढाब्याकडे वळला.

मालकाने त्यालाही विचारलं, "गाडी कुठली?"

"हिरवी."

"तिची माणसं तर बसलीत जेवायला," मालक म्हणाला आणि त्याने आमच्याकडे हात केला.

म्हाताऱ्याने एक शब्द उच्चारला असता तर आमचं तिथलं अन्न संपलं असतं. माझी पुरी हातातच राहिली. दोघांचीही बोटं कुंकवाने लाल होती, त्यामुळे लपवायलाही काही उरलं नव्हतं.

म्हातारा समोर येऊन उभा राहिला. "यातला क्लीनर कोण?"

मित्राने तत्काळ माझ्याकडे बोट दाखवलं.

"पुढची काच कुणी पुसली?"

"मी," मी म्हणालो.

"डाग राहिलेत. वर्षाचा सण आहे, नीट पूस."

दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. पण मी मुकाट्याने उठलो, काच पुन्हा पुसली. म्हाताऱ्याने आणलेला हारही वर चढवला. परत आलो तर तो आमच्याच खाटेवर जेवायला बसला होता आणि मित्राला विचारत होता, की घाटात हिरवी अजून तापते का? मित्र सांगत होता की आता तेवढी नाय तापत.

हात धुताना त्याने आम्हाला बाजूला घेतलं. हिरवी त्याने भंगारात विकली होती. तिने जन्मभर लोखंड बाजारातून लोखंड वाहिलं, आता तीच तिथे जाणार होती. सणाला कापू नका, एवढंच तो कटरवाल्याला सांगून आला होता आणि शेवटची पूजा करावी म्हणून हार घेऊन आला होता. "वाटलं नव्हतं दुसऱ्या कुणाला आठवण असेल," तो म्हणाला. जेवणासाठी तिची पूजा केली हे त्याला सांगायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही, आणि खरं म्हणजे तोवर ते पुरतं खरंही राहिलं नव्हतं.

सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं त्या दुपारी तळावर गेलो तर कोपरा मोकळा. विटा तेवढ्या होत्या, आणि तेलाचा काळा डाग. एरंड मुळासकट आडवा पडला होता, माळ अजून त्याच्यावरच होती. मांजर पिलांना घेऊन ढाब्याच्या पत्र्याखाली राहायला आली होती. मला रडू यायला लागलं. भुकेने असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

तरी आम्ही खाटेवर बसलो. मालक आला.

"गाडी कुठली?"

"हिरवी," मित्र म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली गेलेला मी ऐकला.

मालकाने मोकळ्या कोपऱ्याकडे पाहिलं. "लोड मिळाला?"

"मिलाला."

"गेली?"

"गेली."

तो म्हणाला, "मग आता नंबर शेवटचा. जी गाडी निघाली तिचा नंबर मागे जातो." आणि आत वळून ओरडला, "हिरवीचे तीन! सगळ्यांच्या शेवटी!"

तीन कुणाचे म्हणून मी मागे पाहिलं. मागच्या खाटेवर पांढऱ्या सदऱ्यातला म्हातारा बसला होता.

गुजरातवाले जेवून उठले, सरदारजी जेवून उठला, मागाहून आलेलेही जेवून उठले. तंदूरचा वास येत होता आणि माझं डोकं फिरायला लागलं होतं. मी दोनदा मालकाकडे रागाने पाहिलं, तिसऱ्यांदा ओरडायला तोंड उघडलं.

"आरडाओरडा करू नकोस," म्हातारा म्हणाला. "हिरवी आहे. तिला वेळ लागतोच."