सुमनताई आणि साडेसातला बंद होणारी पेटी

सुमनताई पराते यांची आणि माझी पहिली भेट आठ वर्षांपूर्वी झाली, आणि त्या भेटीत मी त्यांच्यावर खेकसलो होतो. गौरवलेखाची ही सुरुवात बरी नव्हे, याची मला कल्पना आहे. पण ताईंच्या साठीनिमित्त आपला रनिंग क्लब काढत असलेल्या या अंकात बाकी सगळे गोडच लिहिणार आहेत. तेव्हा एकाने तरी खरे लिहावे.

मी बँकेतला अधिकारी. तेव्हा वजन शहाण्णव किलो, रक्तात साखर आणि डॉक्टरांनी दिलेली सक्त तंबी. धरमपेठेतल्या आपल्या मैदानावर मी पहिल्या रविवारी आलो, शिट्टी वाजली आणि पाच मिनिटांत सगळा क्लब दिसेनासा झाला. फुटाळा तलावाच्या वाटेवरच्या चढाला मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. मागे वळून पाहतो तर सलवार-कुर्ता आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेल्या एक बाई दहा पावलांवर उभ्या. मी चार पावले टाकली की त्या टाकत, मी थांबलो की त्या थांबत. मला वाटले, बाई मजा बघत आहेत. "तुम्ही जा ना पुढे!" मी ओरडलो.

"मी समोर गेली तर मागं कोन राहीन?" ताई म्हणाल्या. "तुमी दम घ्या सर. काहून घाई करून राहिले? रस्ता काई कुठं चालला नाही."

आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा सव्वाआठ वाजून गेले होते. निम्मे लोक घरी गेले होते. पोह्यांचे पातेले रिकामे दिसत होते, पण पोहेवाल्याने खालून दोन झाकलेल्या प्लेटा काढल्या आणि वर तर्रीचा गरम रस्सा ओतला. मागे राहणाऱ्यांच्या प्लेटा ताईंनी निघायच्या आधीच सांगून ठेवलेल्या असत, हे मला नंतर कळले. त्या प्लेटेसाठी मी दुसऱ्या रविवारी आलो. तिसऱ्या रविवारी ताईंसाठी आलो.

सर्वांत मागे राहणे हे काम आहे, हे धावणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. ताईंना ते कोणी दिले नव्हते. ताई मूळच्या उमरेडच्या, विणकरांच्या घरातल्या. शाळेतून आल्या की हातमागावर बसलेल्या वडिलांना कांड्या भरून द्यायच्या. माग मोडीत निघाला, घरातले सगळे वेगवेगळ्या कामांना लागले आणि ताई बसवर कंडक्टर झाल्या. ज्यांना ताई नुसत्याच हसऱ्या वाटतात त्यांच्यासाठी त्या दिवसांतली एक गोष्ट सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी कुहीच्या फेरीला एका थांब्यावर एक म्हातारी पाणी प्यायला उतरली. ताईंनी न बघता घंटी दिली आणि गाडी सुटली. म्हातारीचे गाठोडे गाडीत, म्हातारी रस्त्यावर. भर उन्हात ती पुढच्या गावापर्यंत पायी आली.

"तिनं मले शिवी नाही देल्ली सर," ताई सांगतात. "देल्ली असती तर बरं झालं असतं. तवापासून डोके मोजल्याबिगर मी घंटी नाही मारली."

आपल्या क्लबातही ताई निघताना डोकी मोजतात आणि परतल्यावर पुन्हा मोजतात. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका रविवारी एक डोके कमी भरले. नव्यानेच आलेल्या, पासष्टीच्या देशकरबाई दिसत नव्हत्या; वाटेत पाणी प्यायला बाजूला वळल्या त्या ताईंच्या नजरेतून सुटल्या होत्या. आपल्या समितीतले चार जण तिथे तर्री ओरपत होते. "गेल्या असतील घरी," असे चौघांनीही सांगितले. ताईंनी प्लेट खाली ठेवली आणि त्या आल्या वाटेने उलट निघाल्या. तलावाच्या कडेला देशकरबाई चक्कर येऊन फुटपाथवर बसलेल्या सापडल्या. फोन घरी राहिलेला, तोंडातून शब्द फुटत नव्हता. ताईंनी त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात नेले आणि मुलगा येईपर्यंत तिथेच बसून राहिल्या. त्या चौघांपैकी एकाने त्या वर्षी 'शिस्तबद्ध सदस्य' हा पुरस्कार घेतला. माझ्या तळपायाची आग अजून मस्तकात जाते.

आता त्या पुरस्कारांविषयी लिहितो. मंडळी, तुम्हाला हे आवडणार नाही.

दरवर्षी डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी आपल्याकडे 'वर्षाचा सदस्य' निवडला जातो. पोह्यांच्या टेबलाशेजारी एक स्टीलचा डबा ठेवतात, त्याच्या झाकणाला फट. प्रत्येकाने चिठ्ठीवर एक नाव लिहून टाकायचे. साडेसातला डबा बंद, मोजणी, पाहुण्यांच्या हस्ते चषक, सगळ्यांचा फोटो. वेगवान मंडळी सातला परत येतात. पोहे खाता खाता ज्याच्या नावाची चर्चा असते त्याचे नाव लिहितात. त्या वेळी ताई आणि त्यांच्याबरोबरचे दहा-बारा जण अजून रस्त्यावर असतात. ताईंची किंमत ज्यांना ठाऊक आहे, त्यांतल्या एकानेही आजवर त्या डब्यात चिठ्ठी टाकलेली नाही. आठ वर्षांत ताईंना एकही मत पडलेले नाही.

एका वर्षी हा चषक मला मिळाला. तोवर माझे वजन चोवीस किलोने उतरले होते आणि मी पुढच्या टोळीत धावू लागलो होतो. मी भाषण केले. पत्नीचे आभार मानले, डॉक्टरांचे मानले, अध्यक्षांचे मानले, बूट सुचवणाऱ्या दुकानदाराचेही मानले. जिने सहा महिने माझ्या मागे दहा पावलांवर चालून मला धावायला शिकवले तिचे नाव माझ्या तोंडात आले नाही. ताई सव्वाआठला आल्या, माझ्या हातातला चषक बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या. "लय मस्त झालं सर! दाखवा तं मले!" त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, उलटा करून बघितला, आणि कुर्त्याला पुसून मला परत दिला. मला तेव्हाही काही वाटले नाही. यशाने माणूस बहिरा होतो म्हणतात. मी आंधळाही झालो होतो.

माझे डोळे उघडले ते गेल्या डिसेंबरात, आणि तेही माझ्या शहाणपणाने नव्हे. गुडघा दुखावला म्हणून मला मागे चालावे लागले. बरोबर ताई, देशकरबाई, गोकुळपेठेत ब्लाउज शिवणाऱ्या लताबाई आणि आणखी आठ-नऊ जण होते. लताबाईंनी वर्षभरात एकही रविवार चुकवला नव्हता. आम्ही मैदानावर आलो तेव्हा डबा टेबलाखाली ठेवला होता आणि पाहुणे निघून गेले होते. फोटो तर केव्हाच झाला होता.

"आमची चिठ्ठी घ्या ना," लताबाई म्हणाल्या. त्यांनी ती घरूनच लिहून आणली होती. घडी घालून रुमालात ठेवलेली.

"वेळ संपली," नवे सचिव म्हणाले. "साडेसातचा नियम आहे."

मी त्यांच्यावर तुटून पडलो. कोणत्या गाढवाने केला हा नियम, असे भर मैदानात विचारले. सचिव बिचारे सज्जन आहेत. त्यांनी क्लबची वही काढली आणि पान उघडून माझ्यापुढे धरले. नियम माझ्या अक्षरात होता. मी सचिव असताना पाहुण्यांना उशीर होऊ नये म्हणून मीच तो लिहिला होता, खाली सही करून.

लताबाईंनी चिठ्ठी पुन्हा रुमालात ठेवली. ताई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "जाऊ द्या ना सर. पोहे थंडे होऊन राहिले." मी त्या दिवशी पोहे खाल्ले नाहीत.

एवढ्यावर थांबले असते तर मी हा लेख जरा मऊ लिहिला असता. पण जानेवारीच्या बैठकीत समितीने दोन ठराव एका दमात केले. पहिला, सुमनताई साठ वर्षांच्या झाल्या म्हणून त्यांचा सत्कार करायचा, शाल-श्रीफळ द्यायचे, अंक काढायचा आणि त्यांना 'मानद मार्गदर्शक' करायचे, म्हणजे त्यांनी आता रस्त्यावर न उतरता खुर्चीवर बसायचे. दुसरा, तासाभरात फेरी पूर्ण न करणाऱ्यांचा वेगळा चालण्याचा गट करायचा. त्यांनी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बागेत जमायचे आणि त्यांना क्लबात मत नसेल. त्यामुळे म्हणे क्लबची प्रतिमा सुधारेल. शाल पांघरून माणसाला वाटेतून बाजूला करायची ही युक्ती मी बँकेत पुष्कळ पाहिली आहे. क्लबात ती बघून मात्र किळस आली.

अध्यक्षांनी या अंकाच्या प्रस्तावनेत ताईंना 'क्लबचा कणा' म्हटले आहे. अध्यक्षमहाराज, तुमच्या कण्याचा धावतानाचा एक फोटो तुमच्याकडे नाही! संपादकांनी आठ वर्षांचे अल्बम उपसले. सगळ्या सामूहिक फोटोंत पुढची मंडळी आहेत, ताई एकाही फोटोत नाहीत, कारण फोटो नेहमी त्या येण्याआधीच काढलेला. शेवटी सदस्यत्वाच्या अर्जावरचा पासपोर्ट फोटो मोठा करून मुखपृष्ठावर लावावा लागला. मुखपृष्ठ धूसर आहे अशी तक्रार कोणी करू नये. आमची नजरच तशी होती.

आणि कळस ऐका. सत्काराची पत्रिका तुम्हा सर्वांना आली असेल. सकाळी सहाला धाव, ठीक साडेसातला सत्कार, लगेच वार्षिक सभा आणि दुसऱ्या ठरावावर हात वर करून मतदान. ज्यांना काढायचे ते त्या वेळी रस्त्यावर असतील, आणि जिचा सत्कार करायचा ती त्यांच्या मागे असेल. मी हे समितीला दाखवले. "ताईंनी त्या दिवशी धावू नये, इतकेच," असे उत्तर मिळाले.

ताईंना विचारायला मी त्यांच्या घरी गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. पत्रिका त्यांनी दोनदा वाचली.

"लय चांगलं छापलं," त्या म्हणाल्या. "पन मी खुर्चीवर बसली, तर देशकरबाईच्या मागं कोन राहीन?"

मी म्हणालो, "ताई, तुम्हाला राग कसा येत नाही?"

त्यांनी ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "येते ना. काहून नाही येत? मले कप नाही भेटला याचा नाही येत सर. लताबाईची चिठ्ठी नाही घेतली, त्याचा आला. त्या बाईनं शिवण बाजूला ठेवून लिवली होती. तुमी त्या लोकाइले सांगा, कार्यक्रम ठेवा, शाल बी आना. फक्त आमी सगळे आल्यावर ठेवा."

एवढेच मागणे. पंचेचाळीस मिनिटे थांबा. पाहुण्यांना पोहे खाऊ घाला, गप्पा मारा, हवे तर माझ्या नावाने बोटे मोडा, पण थांबा. शेवटचा माणूस मैदानात येऊ द्या, मग सत्कार करा, मग तुमचा ठराव मांडा आणि लताबाईंच्या डोळ्यांत बघून हात वर करा. मला त्या दिवशी साडेसातला व्यासपीठावर भाषण करायला सांगितले आहे. मी तिथे नसेन. गुडघा आता बरा आहे, तरी मी मागेच असेन.

संपादकांनी मला लेख गोड लिहा म्हणून बजावले होते. ताईंचे गोडवे गायला मला एक अंक पुरणार नाही. माझ्या आईच्या आजारपणात त्या दर संध्याकाळी येऊन आईचे पाय चेपून जात, बायकोला दोन तास झोपायला लावत, आणि जाताना "काई नाही वं, होते बरं," एवढेच बोलत. असे प्रत्येकाकडे काही ना काही असेल. तुम्ही ते लिहिलेच असेल, छानच लिहिले असेल. पण मग ते चिठ्ठीवर का नाही लिहिलेत? मागे राहणाऱ्यांना मत देता आले नाही. आपल्याला येत होते.

मी हे दुसऱ्यांना विचारतो आहे, म्हणून माझेही सांगून टाकतो. मी तीन वर्षे सचिव होतो. प्रत्येक वर्षी माझ्या हातात चिठ्ठी होती, पेन होते आणि साडेसातच्या आधीचा भरपूर वेळ होता. ताईंना आठ वर्षांत एकही मत पडले नाही, म्हणजे माझेही पडले नाही. घरी शोकेसमध्ये तो चषक आहे. बायको म्हणते काढून टाका. मी काढत नाही, रोज बघतो.

ताई, तुम्हाला साठीच्या मनापासून शुभेच्छा. तुमचे गुडघे शाबूत राहोत, दम टिकून राहो आणि उदंड आयुष्य तुमच्या वाट्याला येवो. हे मागण्यात माझा स्वार्थ आहे. आम्हाला आधी लाज वाटायची आहे, मग सुधारायचे आहे, आणि या दोन्ही कामांत आम्ही फार सावकाश आहोत. पण सावकाश माणसांसाठी थांबायची तुम्हाला सवय आहे.