पुंडलिकचे चौदा फर्मे

सुपेल्याच्या चौकामागे पुंडलिकचं लेथचं दुकान. एक मशीन, एक माणूस. राइस मिलचे झिजलेले शाफ्ट येतात, त्याच मापाचे नवे होऊन जातात. बावीस वर्षांत एकही परत आला नाही.

त्याची मुलगी नूतन शोरूमची नोकरी सोडून दुकानात यायचं म्हणत होती. त्याआधी तिनं कागदावर चार खाने पाडले. ताकद, कमजोरी, संधी, धोका.

"बाबा, ईमानदारी से सांगा हां."

"मी कधी खोटं मोजलं काय वं?"

"ताकद?"

पुंडलिकनं भिंतीकडे हनुवटी केली. पत्र्याचे चौदा फर्मे, म्हणजे मापाचे साचे, टांगले होते. एकेका मिलच्या शाफ्टचा एकेक, कानशीनं घासून हातानं केलेला. "ड्रॉइंग कोणापाशीच नाही. म्हणून हिरालाल सारं काम मलेच आणते."

हिरालाल म्हणजे मिलांची कामं गोळा करणारा दलाल.

"म्हणजे सगळं एकाच माणसाच्या हातात? हे तर कमजोरीत जाईल."

"घरचा माणूस आहे तो."

"ये माप और किसी के पास तो नहीं?"

"नाही," म्हणता म्हणता पुंडलिक थांबला.

विश्वकर्मा पूजेला त्यानं फर्मे लाल कापडावर मांडले होते. हिरालाल प्रसादाला आला. फोटो काढता काढता म्हणाला, "दादा, व्हर्नियर लावून धरा ना, शान दिसते." पूजेच्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. पुंडलिकनं लावला. चौदाही फर्म्यांना व्हर्नियर धरला, मापाचा आकडा नीट दिसेल असा.

त्यानं हे नूतनला सांगितलं.

"कावून केलं बाबा?"

"मले वाटलं, माही मेहनत पाहून राहिला."

"त्याच्यानंतर किती कामं आली?"

पूजेला पाच आठवडे झाले होते. धान कापणीवर आलं की दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आता फरशी मोकळी होती.

"एकबी नाही. मशीनवर आहे तो शाफ्ट पूजेच्या आधीचा."

नूतननं हिरालालला फोन लावला आणि स्पीकर केला. हिरालाल गोड बोलला. "अरे दादा, बहुत मेहनत कर ली. इस सीज़न आराम करो." मागे दुसऱ्याच कुठल्या दुकानातली लेथ चालू होती. पुंडलिकला आवाजावरून कळलं, तिथलं कातायचं टूल बोथट आहे.

फोन बंद झाला. धोक्याचा खाना कोराच होता. नूतननं पेन बंद केलं.

"मी नोकरी सोडू का?"

"नको सोडू."

तो मशीनकडे वळला. शाफ्टवर अजून दोन तासांचं काम होतं. त्यानं त्याला पुरे दोन तास दिले.