काठीला हात लावायचा नाही

देवावर माझा विश्वास होता, नवऱ्यावर नव्हता. लिहायला हे बरं दिसत नाही, पण खरं तेच लिहिते. आमच्या यांचं विजेच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. संध्याकाळी हे घरी आले की मी डबा घ्यायच्या निमित्ताने दारातच पुढे व्हायचे आणि एक श्वास ओढून घ्यायचे. बडीशेपेचा वास आला की समजायचं, आज घेतली आहे. त्यानंतर स्कूटरची डिकी उघडून बघणं, दुकानात फोन करून "किती वाजता निघालात" विचारणं, हे सगळं ओघाने आलंच. मी जुळे सोलापुरात फ्लॅटच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करते. कापड वाकडं फाटतं आहे हे आवाजावरून कळणारी बाई मी, मला काय फसवणार, असा माझा तोरा होता. फसले नाही हे खरं, पण त्याने त्यांची एक क्वार्टरही कधी कमी झाली नाही.

आमचं घराणं सिद्धेश्वरांचं. संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, त्यांना आम्ही काठ्या म्हणतो. दोन-तीन मजले उंच, सजवलेली, भलती जड काठी कमरेच्या पट्ट्यात रोवून एकट्या माणसाने तोल धरत चालायचं असतं. पेलणारे पाळीपाळीने बदलतात. त्यासाठी आधी महिनाभर रोज संध्याकाळी सराव असतो. हे तरुणपणापासून काठी पेलत आले आहेत. मागच्या वर्षी मात्र घेऊनच सरावाला गेले. काठी कलली. बाजूच्यांनी सावरली म्हणून कोणाला लागलं नाही. सराव घेणारे आप्पा, म्हणजे यांचे थोरले काका, पुढे आले आणि सगळ्यांदेखत त्यांनी यांच्या कमरेचा पट्टा सोडला. त्या यात्रेत हे रस्त्याच्या कडेला पँट-शर्टात उभे होते. बारा बंदांनी बांधायचा पांढरा अंगरखा, बाराबंदी, मी कडक इस्त्री करून ठेवली होती. ती कपाटात तशीच राहिली. त्यानंतर हे जास्तच पिऊ लागले.

यंदा सराव सुरू व्हायच्या आधी आप्पा स्वतः घरी आले. चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाले.

"सरावाच्या पयल्या दिवसापासनं यात्रा सरंपर्यंत एक थेंब न्हाय. जमतंय का सांग."

"जमतंय की," हे खाली बघत म्हणाले.

"न्हाय जमलं तर परत काठी न्हाय. जन्मात न्हाय." मग आप्पा माझ्याकडे वळले. "आणि सूनबाई, तूबी सोडायचं."

"मी काय सोडू? मी काय पिते व्हय?"

"त्याचं तोंड हुंगायचं सोड. महिनाभर."

मला राग आला. आजवर लक्ष ठेवलं म्हणून संसार उभा आहे, असं मी फटकन बोलले. आप्पा हसले. "काठी पेलणाऱ्याच्या बाजूला आमी चार जण उभं ऱ्हातो, ठावं हाय की तुला. हात उघडं ठेवतो, जवळ ठेवतो. पर लावत न्हाय. धा जणांचं हात लागलं की त्याला सोताचा तोलच कळंना होतोय. मग पडतीच काठी."

वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरी मी आधी यांना डॉक्टरांकडे नेलं, रक्त तपासून घेतलं, एकदम सोडली तर चालेल का ते विचारलं. व्रत देवाचं असलं तरी शरीर आपलं असतं. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर देवळात गेले आणि हात जोडून सांगितलं, "सिद्धेश्वरा, यांचा महिना तू बघ. मी माझा बघते." मागणं वगैरे काही नव्हतं. कामाची वाटणी केली, इतकंच.

पहिले काही दिवस वाईट गेले. यांना झोप लागेना, हात थरथरायचे, भाजीत मीठ जास्त की कमी यावरून घर डोक्यावर घ्यायचे. गोड खायची नुसती हाव सुटली. मी शेंगापोळ्यांचा डबा भरायचे आणि दोन दिवसांत तो रिकामा व्हायचा. पण सरावाला गेले की कंबर धरून, घामाघूम होऊन परत यायचे आणि जेवून आडवे व्हायचे. शेजारच्या पद्मक्का जिन्यात भेटल्या की चिडवायच्या, "काय गं, यंदा तुझ्या नवऱ्याची दारू नुसती आकाशात उडणार म्हणे!" यात्रेत शोभेचं दारूकाम असतं, त्यावरून हा टोमणा. मी म्हणायचे, "उडू दे की, पोटात जाण्यापेक्षा बरी." पण यांच्यापेक्षा माझंच व्रत अवघड आहे असं मला वाटायचं. हे दारात आले की वास घ्यायचा मोह नको म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायचे.

महिना बराच सरला होता तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी आप्पांना ताप होता म्हणून सराव नव्हता. हे दुपारीच म्हणाले होते, "आज दुकानातून सरळ घरी येतो." दिवेलागण झाली, कुकर झाला, हे आले नाहीत. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. पुन्हा घेतला. शेवटी ठरवलं, खड्ड्यात गेलं व्रत. दुकानाच्या वाटेवरचे दोन्ही परमिट रूम मला माहीत होते. पर्स घेतली, चपला घातल्या, दार उघडलं, तर दारात एक म्हातारी उभी.

काळी-सावळी, कपाळाला विभूती, चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला. अक्कलकोटच्या पलीकडची असावी, बोलण्यात निम्मं कानडी. खालच्या मेडिकलवाल्याने माझं नाव सांगितलं म्हणे. तिला मालकासाठी, म्हणजे नवऱ्यासाठी, बाराबंदी हवी होती.

"उद्या या, आजी. मला बाहेर जायचंय."

"उद्या कोण बघितलंय, तंगी?" कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. "माझं गाडी हाय. तू शिव, मी हितं बसते." आणि ती खरोखरच उंबऱ्यावर बसली, दाराला आडवी, गुडघे पोटाशी घेऊन. म्हाताऱ्या बाईला ओलांडून जायचं कसं? मी चपला काढल्या.

एक बाराबंदी कापून तयार होती, तीच मशीनवर घेतली. तर म्हातारीचं सुरू. मालकाची पाठ वाकली आहे, मागून चार बोटं लांब ठेव, नाहीतर वर चढतंय. काठी पेलायची ताकद आता राहिली नाही, पण पांढरं घालून मागून चालल्याशिवाय त्याला संक्रांत गोड लागत नाही. मी आठ बंद लावून दोरा तोडला. हल्ली बहुतेकांना तेवढे चालतात. तिने एकेक बंद बोटाने चाचपला.

"बाकीचं कुटं हाय?"

"आजी, आठात नीट बसतं."

"बारा पायजे. देवाच्या कामात काटछाट बेडा." बेडा म्हणजे नको.

मनातल्या मनात चडफडत मी उरलेले बंद शिवले. शेवटच्या बंदाला गाठ मारत होते तेव्हा जिन्यात यांची पावलं वाजली. म्हातारीने गुडघे जरा बाजूला घेतले. हे आत आले आणि उभे राहिले. मला तेव्हा पुढे जाऊन एक श्वास घ्यायचा होता. घेतला नाही. म्हातारीने मान वर करून यांच्याकडे निरखून बघितलं, उठली, बाराबंदी पदरात गुंडाळली आणि म्हणाली, "ह्यो सोडतोय मला स्टँडावर." मला कोणी विचारलंच नाही. हे तिला स्कूटरवर बसवून घेऊन गेले, गाडीत जागा मिळवून दिली आणि सरळ घरी येऊन जेवले. मीही काही विचारलं नाही.

यात्रेच्या पहिल्या दिवशी काठ्या गावाभोवतीच्या अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. सकाळी मी यांना बाराबंदी चढवली. गळ्याजवळचे बंद बांधताना माझं नाक त्यांच्या तोंडापासून वीतभर होतं.

"आता तरी घे की वास," हे डोळे मिचकावून म्हणाले.

"मला वेळ नाही. हात वर करा."

दुपारी गर्दीत बायकांबरोबर उभी होते. हलग्या, हर्रचा गजर, आणि समोरून सगळं पांढरंशुभ्र सरकत येत होतं. यांची पाळी आली. आप्पांनी स्वतःच्या हाताने यांच्या कमरेला पट्टा बांधला. काठी उचलली गेली, क्षणभर डुलली आणि सरळ झाली. हे चालू लागले. ताप उतरलेले आप्पा बाजूने चालत होते, दोन्ही हात उघडे, काठीपासून हातभर लांब. एकदाही लावले नाहीत. माझे स्वतःचे हात तसेच उघडे पुढे आले होते, हे शेजारच्या बाईने हसून बघितलं तेव्हा मला कळलं. मी रडणाऱ्यातली नाही. पण मोठ्याने सांगितलं तिला, "ते बघा, आमचे हे. काठी बघा कशी सरळ आहे."

यात्रा झाल्यावर एका सकाळी चहा पिता पिता यांनी आपणहून सांगितलं. सराव नव्हता त्या संध्याकाळी हे परमिट रूमच्या बाहेर स्कूटर स्टँडला लावून उभे होते. "तू शोधत येणार हे मला ठावं होतं. तू आलीस की भांडायचं आणि आत जायचं, असं ठरवूनच उभा होतो. वाट बघ बघ बघितली. तू आलीच न्हाईस. मग थंडी वाजायला लागली, आलो घरी."

मी कप धुवायला घेतला.

ती म्हातारी देवीबिवी होती असं मी म्हणत नाही. तिने चहात साखर जास्त मागितली होती आणि माझ्या शिलाईला नावं ठेवली होती. पण गर्दीत मी मागून चार बोटं लांब असलेली बाराबंदी शोधत होते, ती दिसली नाही. दिसली असती तर पाया पडले असते. मी पाऊल उचललं तेव्हाच ती उंबऱ्यावर का बसली, याचा हिशेब मी मांडत नाही. माझ्या वाटणीचं काम मी सोडून निघाले होते, सिद्धेश्वराने त्याच्या वाटणीचं केलं.

महिना केव्हाच सरला. यांनी अजून घेतलेली नाही. पुढचं मला ठाऊक नाही, आणि डिकी मी उघडत नाही. संध्याकाळी हे आले की नळ न सोडता दारात जाते आणि डबा घेते, फक्त डबा. बाराबंदीची ऑर्डर आली की गिऱ्हाईक म्हणतं, ताई, आठ बंद बास झाले. मी सांगते, बाराच लागतील, थांबायचं असेल तर उंबऱ्यावर बसा.