एक जूनवाल्या

शाळा उघडून आठवडा झाला होता. मोठ्या बाईंनी सुट्टीतले वाढदिवस एकदमच उरकायला काढले. कर्जतहून केक आला. यादी वाचता वाचता बाई थांबल्या. मी शिपाई, सफाईवाल्या दोघी, बसवरची मावशी. आमी चौघी बौद्धवाडीतल्या नि आदिवासी ठाकूरवाडीतल्या. चौघींची तारीख एकच, एक जून.

"तुमच्या लोकांत पेरणीच करतात वाटतं," बाई म्हणाल्या. "सगळ्या एकाच दिवशी उगवता!"

सगळे हसले. मी पण हसले. मेलेल्या आईवर हसले आणि मग त्यांच्या बशा विसळल्या. थू माझ्यावर.

आई मला पहिलीत घालायला घेऊन गेली, तवा गुरुजींना म्हणाली होती, "भातकापणीत झाली. दुसऱ्याच्या शेतात. इळा हातातच होता." गुरुजींनी माझा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून बघितला. लागला, म्हणजे सहा वर्षांची. कापणी कुठं नि जून कुठं! तरी एक जून लिहिलं. तारीख ठाऊक नसली की सगळ्यांची हीच, सोयीचं पडतं. आईला वाचता येत नव्हतं.

पुढं फेब्रुवारीत ह्याच बाईंनी सभागृहात जयंती ठेवली. अमेरिकेत गुलाम म्हणून जन्मलेला माणूस. लपून वाचायला शिकला, पळाला, गुलामी मोडायला उभा राहिला. आठवीतली पोरगी माईकवर सांगत होती, "त्यांना स्वतःचा जन्मदिवस माहीत नव्हता. मालक सांगतच नसत. म्हणून त्यांनी स्वतःच एक दिवस निवडला."

बाईंनी डोळे पुसले. पाहुण्यांना म्हणाल्या, "काय क्रूर माणसं हो!"

मी मागंच चहा घेऊन उभी. अंगाची नुसती आग झाली. ट्रे खाली ठेवला.

"बाई, ह्याचं ऐकून रडलात. आमचं ऐकून हसला होतात."

"अगं, ती गंमत होती."

"माझी आय गंमत नव्हती."

दुसऱ्या दिवशी माफीचा कागद तयार. सही कर, नायतर उद्यापासून येऊ नको. बसवरच्या मावशीनं हात धरला, "कर गं बाय, पोरांचं बघ." दोन पोरं हायत. नवरा नाय. घर ह्याच पगारावर.

सही न करताच कागद बाईंकडं सरकवला. म्हटलं, "माफी तुमी मागा. त्याच सभागृहात, त्याच माईकवर. तवर मी रोज येणार."

आज नववा दिवस. वॉचमन आत सोडत नाय. पालक गाडीच्या काचा वर घेतात. ऊन डोक्यावर येईपर्यंत मी फाटकासमोर उभी असते. कोणी विचारलं तर सगळं सांगते, बाईंचे शब्द जसेच्या तसे. उद्या पण शाळेला यायला खालापूरची सकाळची एसटी पकडणार.