मशीनची खडखड

बोटीने इथे आलेल्या ज्यू कुटुंबांच्या आठवणी टेप करायचं काम आमच्या इतिहास मंडळात एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटरबाईंनी अंगावर घेतलं. बाई त्याच समाजातल्या, आणि हट्टाला पेटल्या की कुणाच्या बापाचं ऐकायच्या नाहीत. त्यांची म्हातारी आत्या जन्मभर कपडे शिवणारी. खुर्चीत बसवून विचारलं की ती म्हणायची, "काही आठवत नाही गं." शिलाई मशीनवर बसली की मात्र भडाभडा बोलायची. म्हणून बाईंनी रेकॉर्डर मशीनशेजारीच ठेवला.

आमचे सचिव म्हणजे शर्टाला सुरकुती पडलेली न खपणारा माणूस. टेप लावताच ते वैतागले. "ही खडखड आधी काढून टाका."

"एक टाकाही उसवणार नाही," बाई म्हणाल्या. "शेवटपर्यंत ऐका."

सचिव नाक मुरडत ऐकू लागले. बंदरातली गर्दी, आईची ट्रंक, सगळं खडखडाटात चाललं होतं. मग आत्या म्हणाली, "धाकट्या बहिणीला ताप होता. तिला बोटीवर चढू दिलं नाही."

मशीन थांबलं. बराच वेळ टेपवर काहीच नव्हतं. मग खडखड पुन्हा सुरू झाली आणि आत्या इथल्या पहिल्या भाड्याच्या खोलीबद्दल सांगू लागली.

बाईंनी टेप बंद केली. "आता सांगा, काय काढू?"