बावखलाच्या काठावरची एक स्त्री

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत माणसाला 'प्रयुक्त' म्हणतात. त्याचं नाव लिहायचं नाही. क्रमांक, वय, शिक्षण, व्यवसाय, बस्स. बी.ए.च्या पहिल्या वर्षी सरांनी हे फळ्यावर लिहून दिलं, तेव्हा मी उभी राहून विचारलं होतं, "सर, माणसाचं नाव काढून घेणं हा त्याचा अपमान नाही का?"

सर हसले. "अपमान नव्हे, संरक्षण. आधी संमती घ्यायची, मग विचारायचं. आणि त्याने जे सांगितलं ते त्याचं असतं, तुमचं नाही. हे विसरू नका."

मी विसरले.

माझे वडील मुंबईतल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. येताना पत्रकांचे वाया गेलेले कागद घेऊन येत. संपाची पत्रकं, महागाईविरोधी मोर्च्याची, हुंड्याविरुद्धची. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. त्यामुळे जगात दोनच प्रकारची माणसं असतात, पिळणारी आणि पिळली जाणारी, असं माझं फार लवकर ठरून गेलं होतं. प्रत्येकाने पाच मुलाखती घ्यायच्या, विषय आपापला निवडायचा, असं सरांनी सांगितल्यावर मला विचार करावा लागला नाही. त्या वर्षांत वसईतल्या आमच्या गावातून एकेक घर आखाताकडे माणूस पाठवत होतं. मी विषय लिहिला : नवरा परदेशी असलेल्या स्त्रियांचा एकटेपणा.

चार बायकांनी मला चहा दिला आणि "बरं चाललंय" म्हणून वाटेला लावलं. पाचव्या होत्या आमच्याच गावातल्या एक काकी. घरी एकट्याच असत, गावाचे ब्लाउज शिवत. मी वही उघडून म्हटलं, "काकी, तुमचं नाव कुठेच येणार नाही."

"नको येऊ दे. पन बाय, तू काय मला कुमसाराला बसवतेस? आता फादरसारखी पापं विचारनार?"

"तसंच समजा," मी हसत म्हटलं.

त्यांनी ते खरं धरलं. मशीनचं चाक हाताने थांबवलं आणि सांगितलं, दीड वर्ष झालं, नवऱ्याचा कागद नाही. माणूस ठीक आहे, बरोबरचे सांगतात. फक्त त्यांना लिहीत नाही. आणि दर रविवारी मिस्सानंतर चर्चच्या पायरीवर बायका विचारतात, काय गो, कागद आला का? तेव्हा काहीतरी सांगावं लागतं.

"शनवारी मशीन चालवताना ठरवते काय सांगायचं ते. मागे एकदा त्याला ताप आनला. दोन रविवार सगळ्या विचारत होत्या. बरं वाटलं गो."

त्यावर त्या स्वतःच हसल्या. मी हसले नाही. मला संताप आला होता, आणि संताप आला की मला लिहावंसं वाटतं. वहीतल्या दोन पानांवर माझं भागलं नाही. कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी मी लेख लिहिला, त्याला मथळा दिला 'जिवंत नवऱ्यांच्या विधवा'. त्यात तो ताप घातला, ती शनिवारची तयारी घातली. नाव अर्थातच गाळलं. लिहिलं : 'बावखलाच्या काठावर राहणारी एक स्त्री.'

इथे मला एक सांगायला हवं. आमच्या गावात बाप्तिस्म्याची नावं मोजकीच. काकींच्या नावाच्या बायका आठ तरी असतील. म्हणून कुणी कुणाला नावाने ओळखत नाही. कुणी चिंचेखालची, कुणी पाटलाच्या मागची. काकींच्या घरामागे बावखल होतं, वाडीला पाणी देणारं ते गोडं तळं, म्हणून त्या बावखलावरची. त्यांचं चर्चच्या वहीतलं नाव मी लिहिलं असतं तर त्या आठ जणींत लपल्या असत्या. मी नेमकं तेच नाव लिहिलं, ज्या नावाने गाव त्यांना हाक मारत होतं. जन्मापासून तिथे राहून हे माझ्या लक्षात आलं नाही. पत्रकात 'एक स्त्री', 'एक कामगार' अशा ओळी असतात, आणि त्या कुणाच्याच नसतात.

पलीकडच्या आळीतली एक मुलगी माझ्याच वर्गात होती. तिने लेख वाचला, घरी सांगितला. पुढच्या रविवारी मी पायरीवरच होते.

"काय गो, ताप उतरला का त्याचा?"

"उतरेल कसा? शनवारी नवीन शिवायचाय अजून!"

हशा झाला. काकी माझ्याकडे बघत होत्या. मोर्च्यात माझा आवाज सगळ्यात पुढे असायचा. त्या दिवशी मी सगळ्यात आधी घरी निघाले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले. माफी मागायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "आधी ते आन. सगळ्यांनी वाचलं, मीच नाय."

कॉलेजच्या फलकावरून मी लेख काढून आणला. त्या चौथी शिकलेल्या. ओळीखाली बोट धरून सावकाश वाचत होत्या. मी समोर उभी. शिकलेल्या माणसाने लिहिलेलं वाचायला इतका वेळ लागतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"ही कोन?" शेवटी त्यांनी विचारलं. "ही तर बिचारी हाय. मी तुला सांगताना हसत होते. ते कुठे गेलं?"

मी पिशवीतून वही काढली.

"मी हो म्हटलं ते तुझ्या वहीला. ह्याला मला विचारलं नव्हतंस. आता माझं सांगनं मला परत दे."

मी लेखाचा कागद त्यांच्याच हातात राहू दिला. पण त्यांनी मागितला होता तो हा कागद नव्हता, आणि त्यांना हवं होतं ते परत देता येत नव्हतं. दोघींनाही ते कळत होतं. मी वहीतून प्रयुक्त क्रमांक पाचची दोन पानं फाडून त्यांच्या मशीनवर ठेवली आणि निघाले. सरांना सगळं सांगितलं. त्यांनी चार मुलाखतींचे गुण दिले आणि एवढंच म्हणाले, "पानं फाडलीत ते बरोबर केलंत. पण ते त्यांनी मागायच्या आधी करायचं असतं."

काकी आता पहाटेच्या मिस्साला जातात आणि पायरीवर न थांबता निघतात. बाकीच्या बायका मी जवळ गेले की एकमेकींना म्हणतात, "गप गो, लिहून घेईल." थट्टेत म्हणतात, पण गप्प होतात. घरात बोलायला वडील आहेत, तेही उशिरा येतात. मी अजून लिहिते. काय लिहायचं ते विचारायला माणूस उरलेला नाही.

कॉलेज संपलं; आता कामावर जायचा माझा रस्ता काकींच्या अंगणावरून जातो. मी दिसले की त्या आत जातात. वळणाच्या बऱ्याच आधी मी सायकलची घंटा वाजवते, म्हणजे त्यांना हातातलं काम ठेवून आत जायला पुरेसा वेळ मिळतो.